चुकलेलं निदान रुग्णाला सांगताना

आज प्रशिक्षणात पुन्हा तोच प्रश्न आला: ‘सॉरी म्हटलं तर कोर्टात चूक कबूल केल्यासारखं होईल ना?’ नाही. इंग्लंडमध्ये 2006 च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टनुसार नुसती माफी मागणं म्हणजे जबाबदारी मान्य करणं नव्हे. उलट नोव्हेंबर 2014 पासून एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संस्थांवर मोकळेपणाचं, म्हणजे उपचारात गंभीर चूक झाली तर ती रुग्णाला उघडपणे सांगण्याचं, कायदेशीर बंधन आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हलगर्जी उपचारांच्या चौकशीनंतर ते आलं.

छातीच्या एक्स-रेतली गाठ नजरेतून सुटली आणि कर्करोग उशिरा कळला, तर रुग्णाला शक्य तितक्या लवकर समोर बसून सांगायचं: काय घडलं, आत्ता नक्की काय कळलंय, पुढे काय तपासणार. माफी तिथेच. मग हेच सगळं लेखी. चौकशीत काय निघालं तेही कळवायचं.

बिघडतं ते बहुतेक वेळा शब्दांत. ‘तुम्हाला त्रास झाला असं वाटत असेल तर...’ ही माफी नाहीच! ‘गाठ मार्चच्या एक्स-रेत दिसत होती, आमच्याकडून सुटली, माफ करा’ असं सरळ बोला. मग गप्प बसा. त्यांना रडू द्या, चिडू द्या. पुढच्या भेटीची तारीख मात्र उठण्याआधी हातात द्या, कारण पहिल्या दिवशी सांगितलेलं अर्धं डोक्यात शिरतच नाही.