सेल उतरलेल्या टेपवरचा आवाज

जुन्या कॅसेटांवरचा आवाज संगणकावर उतरवून देणे हा माझा व्यवसाय आहे. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. घरातल्या माणसांच्या आठवणी आणि मरणासन्न व्यक्तीचे अखेरचे शब्द त्यांच्याच आवाजात जपून ठेवता येतील, असे त्या यादीत होते. माझा अनुभव असा, की अखेरचे शब्द मुद्रित करून ठेवायचे कोणाला सुचत नाही. घराघरांत उरलेले असतात ते अधल्यामधल्या दिवसांचे, कामापुरते बोललेले शब्द, आणि ज्या कुटुंबाविषयी मी लिहीत आहे त्याच्याकडेही तेवढेच होते.

वडील ऐंशीच्या पुढचे, मुलगा आणि मुलगी दोघेही पन्नाशी ओलांडलेले. मुलांची आई परिचारिका होती आणि मुले शाळेत असतानाच ती गेली. तिला रात्रपाळी असे, तेव्हा निघण्यापूर्वी ती स्वयंपाकघरात बसून मुलांसाठी कॅसेटवर बोलून ठेवी. आधी सूचना, मग एक गोष्ट. वडील रात्री ती लावून देत. कॅसेट एकच होती आणि प्रत्येक पाळीला तिच्यावरच नव्याने बोलायचे, त्यामुळे उरले ते शेवटचे मुद्रण. पुढे कित्येक वर्षे मुलांनी ते ऐकले. मग घरातला टेपरेकॉर्डर बिघडला आणि कॅसेट कपाटात पडून राहिली.

कॅसेट उघडून पाहिली तेव्हा फीत शाबूत होती. फक्त फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी फेल्टची चिमुकली गादी निखळून आत पडली होती. ही तक्रार नेहमीची आहे, कारण गादीचा गोंद कालांतराने सुकतो आणि मग आवाज दबका येतो. लोकांना वाटते की आवाजच पुसला गेला. फीत मी दुसऱ्या कवचात घातली, हेडचा कोन तिच्याशी जुळवून घेतला आणि काहीही साफसफाई न करता पहिली प्रत उतरवली. या पहिल्या प्रतीला हात लावायचा नाही, खरखर असली तरी ती तशीच राहू द्यायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. त्या दिवशी तो किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

तिघांना शेजारी बसवून ती प्रत ऐकवली. ‘दाराची कडी लावली का?’ असे ती विचारते आणि थांबते. मुलांना उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून तिने मोकळी जागा सोडलेली आहे. मग म्हणते, ‘लावली नसेल तर टेप थांबव, कडी लाव, आणि मग पुन्हा सुरू कर.’ पुन्हा शांतता. ‘दप्तर भरलं? पेन्सिलीला टोक केलं?’ पुन्हा तेवढीच शांतता. मुलगी हसत म्हणाली, ‘हा सगळ्याला हो म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. टेपला काय कळणार आहे!’ भावाने ते नाकारले नाही. आईला मात्र कळत असावे, कारण तिसऱ्या सूचनेनंतर टेपवर ती म्हणते, ‘खरं सांग.’

वडील मात्र अस्वस्थ दिसत होते. शेवटी म्हणाले, ‘हिचा आवाज असा नव्हता. इतका बारीक आणि घाईचा नव्हता. मी तेव्हापासून सांगतोय, पण ही दोघं ऐकत नाहीत.’ मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘बाबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला कसं आठवेल? आम्ही तर रोज हाच आवाज ऐकत होतो.’ वाद जुना होता आणि तो माझ्यापुढे पुन्हा सुरू झाला होता. एकाला तिच्याबरोबर काढलेली वर्षे आठवत होती, दुसऱ्याला टेप आठवत होती. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

अशा वेळी कोणाची बाजू न घेता मोजमाप करावे. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. माझ्या यंत्राचा वेग मी 3150 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 3150 कंपनांचा, सूर भरलेल्या चाचणी कॅसेटवर नियमित तपासतो, म्हणजे ऐकवणाऱ्या यंत्रात दोष नव्हता. प्रश्न मुद्रण करणाऱ्या यंत्राचा होता. तिने उत्तरांसाठी सोडलेल्या त्या मोकळ्या जागा इथे कामी आल्या. त्यांत कान देऊन ऐकले तर एक बारीक गुणगुण होती. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटच्या चोकची असावी, असे मी म्हणताच वडिलांनी लगेच दुजोरा दिला. ती ट्यूब कायम गुणगुणत असे. जिथे वीज 50 हर्ट्झची असते तिथे चोक तिच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झला गुणगुणते. विजेची वारंवारिता थोडीफार वरखाली होते, पण फार नाही. संगणकावर या गुणगुणीची रेषा सुरुवातीला 104च्या जवळ दिसली आणि गोष्ट संपता संपता 106वर पोचली. खरखर आधीच काढून टाकली असती, तर तिच्याबरोबर हा पुरावाही गेला असता.

अर्थ स्पष्ट होता. टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता आणि सेल उतरलेले होते. फीत हळू सरकली. हळू मुद्रित झालेले योग्य वेगाने ऐकले की ते घाईचे आणि वरच्या पट्टीतले वाटते. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे पेटीवरची जेमतेम एक पट्टी, काळीवरून पांढरीवर यावे एवढा. पण बोलण्याच्या आवाजात तो नुसती पट्टी बदलत नाही. तोंडाच्या पोकळीचा घुमारही तेवढाच वर सरकतो आणि बोलणारी व्यक्ती आहे त्याहून लहान चणीची, कोवळी वाटू लागते.

मुलगा शंकेखोर होता आणि ते योग्यच होते. सुदैवाने टेपवर आणखी एक दुवा सापडला. शेवटचे मुद्रण आधीच्या एखाद्या रात्रीपेक्षा आखूड होते, त्यामुळे बटण बंद केल्याच्या खटक्यानंतर काही वेळाने आधीच्या रात्रीचे शेपूट शिल्लक राहिले होते. मुलांनी ते कधी ऐकलेच नव्हते, कारण गोष्ट संपली की वडील टेप बंद करीत. तिथे ती अर्ध्या वाक्यापासून बोलते. कोणा रुग्ण आजीबाईंविषयी आहे. त्या रात्री झोपत नाहीत आणि परिचारिकांना कोडी घालतात. त्यांतले एक कोडे ती मुलांना घालते आणि म्हणते, ‘उत्तर मला सकाळी सांगा, मी आल्यावर लगेच झोपणार नाही.’ या तुकड्यातली गुणगुण बरोबर 100वर होती. त्या रात्री सेल नवे असावेत. काहीही दुरुस्ती न केलेला तो आवाज ऐकून वडील एवढेच म्हणाले, ‘ही.’

मग मी गुणगुणीची रेषा धरून सगळे मुद्रण तिच्या मापाने सावकाश केले. सुरुवातीला कमी, शेवटी जास्त, कारण सेल बोलता बोलताच उतरत गेले होते. दुरुस्त प्रत लावली आणि ‘दाराची कडी लावली का?’ हे वाक्य आले तसा मुलगा टेपकडे न पाहता बहिणीकडे पाहू लागला. आवाज जवळजवळ तिचा होता. शब्द तोडण्याची लकब, प्रश्नाच्या शेवटी स्वर खाली सोडण्याची सवय, सगळे तिचे. बहिणीला ते पटेना. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही, कारण एरवी तो आपण डोक्याच्या हाडांतूनही ऐकत असतो. म्हणून मी तिला तेच वाक्य मायक्रोफोनवर म्हणायला लावले आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकवले. त्यानंतर वाद मिटला असे नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. वडील तिच्या रात्रपाळ्यांविषयी सांगू लागले. दिवसा डोळ्यांवर ओढणी टाकून ती झोपे आणि मुलांच्या चपलांच्या आवाजावरून कोण आले ते झोपेतच सांगे. मुलीने त्यात भर घातली, की उठल्यावर आई पहिल्यांदा गृहपाठाच्या वह्या मागायची, आणि तेही झोपेतच असायचे.

खरखर मी बेताचीच कमी केली. ती पूर्ण काढायला गेले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मोकळ्या जागा कापून मुद्रण आटोपशीर करावे, अशी सूचना मुलाने आधी फोनवर केली होती. ती आता त्यानेच मागे घेतली. कोड्याचा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये दिला. आजीबाईंच्या कोड्याचे उत्तर टेपवर नाही आणि तिघांपैकी कोणालाही ते सुटले नाही.

नातवंडांना द्यायची ती दुरुस्त प्रत, असे तिघांचे ठरले. मुलाने मात्र स्वतःसाठी जुन्या वेगाची प्रतही मागून घेतली. तो म्हणाला, ‘बाबांचं बरोबर आहे. पण मला झोपवलं ते हिनं.’ मी ती त्याला दिली आणि फाइलच्या नावात ‘वेग दुरुस्त न केलेला’ एवढे नमूद केले.