तीन ऑफर आणि उद्यापर्यंतची मुदत

उमेदवाराच्या हातात दुसरी ऑफर आहे, हे आम्हा भरतीवाल्यांना बहुतेक वेळा जॉइनिंगच्या दिवशीच कळतं. फोन बंद, मेलला उत्तर नाही आणि नवा लॅपटॉप घेऊन आलेला आयटीचा माणूस विचारतो, "मॅडम, आज कोण येणार होतं?" त्यामुळे गुरुवारी सकाळी खराडीच्या ऑफिसात उघडलेला एका उमेदवाराचा मेल मी दोनदा वाचला.

बॅकएंड डेव्हलपर, साडेसहा वर्षांचा अनुभव, सध्या हिंजवडीत, नोटीस पीरियड ९० दिवस. आमची ऑफर २१ लाख ५० हजारांची, मुदत शुक्रवार संध्याकाळ. त्याने लिहिलं होतं की आणखी दोन लेखी ऑफर आहेत: एक बंगळूरची, २४ लाखांची, दुसरी पुण्यातल्याच एका स्टार्टअपची. तुमचं काम मला जास्त पटलंय. फिक्स्ड, म्हणजे वर्षाचा ठरलेला पगार, एक लाखाने वाढलं आणि नोटीसचे ३० दिवस बायआउट करून मिळाले, म्हणजे आताच्या कंपनीला तेवढ्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायचा खर्च तुम्ही दिलात, तर उद्याच सही करून बाकीच्यांना नकार कळवतो.

या शेवटच्या वाक्याला आमच्याकडे किंमत असते. "थोडं वाढवून बघा ना" एवढंच घेऊन मी फायनान्सकडे गेले तर पहिला प्रश्न येतो, "वाढवल्यावर येणार आहे का?" आकडा, तारीख आणि होकार एकत्र असले की मंजुरी मागता येते.

मी बंगळूरच्या ऑफरचा पगाराचा तक्ता मागितला. मागायला अवघड वाटतं, पण खाडाखोड केलेल्या पीडीएफ येतात. एकूण रकमेचा आकडा बदललेला असतो आणि खालची बेरीज बदलायची राहून जाते. याने फक्त तक्त्याचं पान पाठवलं, त्या कंपनीच्या अटींची पानं पाठवली नाहीत. ते योग्यच होतं.

तक्ता बघितल्यावर २४ लाखांचा फुगा लगेच खाली आला. त्यात २ लाख जॉइनिंग बोनस, म्हणजे एकदाच मिळणारा. ३ लाख ६० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारी रक्कम, आणि ३० हजार विम्याचा हप्ता. मूळ वेतन १२ लाख, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ५७,७२०. कायम नोकरीत ही ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तरी सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चात, दरवर्षी धरलेली असते. हे सगळं वजा केल्यावर उरतात १६ लाख ८ हजार, महिन्याला सुमारे १ लाख ३४ हजार. आमच्या ऑफरमध्ये विमा सीटीसीबाहेर आणि व्हेरिएबल दीड लाख, त्यामुळे त्याच हिशेबाने महिन्याला १ लाख ५१ हजार ६०० बसत होते. दोन्ही आकडे कर आणि स्वतःच्या वाट्याचा पीएफ कापण्याआधीचे. अडीच लाखांनी लहान दिसणारी ऑफर दरमहा साडेसतरा हजारांनी मोठी होती, शिवाय बंगळूरचं घरभाडं वेगळंच. त्याने हा हिशेब आधीच केला होता. म्हणूनच २४ लाखांचा आकडा त्याने आमच्यावर आपटला नाही.

स्टार्टअपने रोख कमी देऊन ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क, दिले होते. चार वर्षांत हाती येणारे, पहिल्या वर्षाआधी सोडलं तर शून्य. कंपनी विकली गेली, शेअर बाजारात आली किंवा तिने ते परत विकत घेतले तरच त्यांचे पैसे होणार. घरकर्ज चालू असेल तर मी त्यांची किंमत हिशेबात धरत नाही.

दुपारी मंजुऱ्या. बायआउट पाच मिनिटांत झालं, कारण प्रोजेक्टला माणूस लवकर हवा होता. फिक्स्डवर मात्र गाडी अडली. तो त्या ग्रेडच्या बँडच्या, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या मर्यादेच्या, टोकाला आलाच होता आणि त्याच टीममधल्या तेवढ्याच अनुभवाच्या दोघांपेक्षा याचा पगार वर गेला असता. एकदा दिलेलं फिक्स्ड दरवर्षी द्यावं लागतं आणि त्यावर पुढची वाढ बसते. एकरकमी पैशाला फायनान्स तेवढं घाबरत नाही. म्हणून एक लाख जॉइनिंग बोनस मंजूर झाला.

चारच्या सुमारास फोन केला. "मॅडम, बोनस चालेल, पण वसुलीचं कलम काय आहे?" हा प्रश्न फार थोडे विचारतात. आमच्या ठरलेल्या मसुद्यात वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत होती. बोनस कर कापून हातात येतो, वसुली मात्र बऱ्याचदा कर धरून पूर्ण रकमेची होते. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याला ते चांगलंच झोंबतं. त्याने मागितलं की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच वसुली व्हावी. लीगलने तासाभरात बदलून दिलं.

मी त्याला एकच गोष्ट बजावली: बायआउटचं तुमच्या आताच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते आधी वाचा. कुठे ते मूळ वेतनावर मोजतात, कुठे पूर्ण पगारावर, आणि मॅनेजरने सोडलं नाही तर पैसे भरायची तयारी असूनही लवकर सुटका नाही. रक्कम त्याने भरायची, पावती दाखवल्यावर आम्ही पगारातून देणार, त्यावर कर लागणार. आणि सुधारित पत्र हातात येईपर्यंत राजीनामा टाकायचा नाही. फोनवरच्या शब्दावर राजीनामा देऊन मध्येच अडकलेले लोक आम्ही बघितलेत.

पत्र साडेसहाला गेलं, सही शुक्रवारी सकाळी आली. बंगळूरच्या रिक्रूटरला त्याने आधी फोन केला, मग तीन ओळींचा मेल: आभार, नकार, कारण एका वाक्यात. तिथल्या पगाराची आमच्याशी तुलना त्यात नव्हती. पुढे कधी त्याच कंपनीत अर्ज करायचा झाला तर हाच मेल त्यांच्या नोंदीत सापडेल.

माझ्या यादीत याच जागेसाठी दुसरा एक उमेदवार थांबलेला होता. सहीचं पत्र आल्यावर मी त्याला फोन करून जागा भरल्याचं सांगितलं. त्याच्याकडेही एक ऑफर होती आणि तिची मुदत त्याच संध्याकाळची होती. "बरं झालं आजच सांगितलंत," म्हणाला, आणि तिकडे होकार कळवायला त्याने फोन ठेवला.