हरिश्चंद्रगडावर जाताना सॅकमध्ये एक रिकामी गोणी

गेल्या नोव्हेंबरात घोटी, शेंडी, राजूर करत सकाळी आठला पाचनईत पोचलो. ही गडाची सगळ्यात सोपी वाट. कातळाच्या पोटातली आडवी चाल आणि रेलिंग सोडलं तर सांगण्यासारखं फार नाही. दमादमाने चाललं तरी अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी येता. खिरेश्वरहून तोलारखिंडीने आलात तर वेळ बराच जास्त धरा.

आम्ही सहा जण, आणि तिघांच्या सॅकमध्ये सिमेंटची धुतलेली रिकामी गोणी. स्वच्छता मोहीम, बॅनर, फोटो असलं काही नव्हतं. मागच्या खेपेला केदारेश्वराच्या लेण्यात, त्या बर्फगार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालताना पायाला बिस्किटाचा पुडा चिकटला होता. ती चीड डोक्यात होती, एवढंच.

कचरा कुठे दडतो हे कळलं की वेळ वाचतो. मंदिराच्या आवारात आम्हाला फारसा दिसला नाही. झोपडीत पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशी आपापलं अंगण झाडतात. खरा माल कोकणकड्याच्या पठारावर, तंबूंच्या जागांमागच्या झुडपांत आणि तीन दगडांच्या चुलींत. चूल उकरली की निघतात अर्धवट जळलेली मॅगीची पाकिटं. ‘जाळून टाकलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी ती बघावीत: त्यांत प्लॅस्टिकला चंदेरी थर असतो, तो जळून नाहीसा होत नाही, गोळा होऊन बसतो. शिवाय हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासूनचं. इथे आग पेटवायचीच नाही.

दुसरा वैताग वेट वाइप्सचा. दिसतात कागदासारखे, पण बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. एक पावसाळा खाऊनही काही जसेच्या तसे होते. ते काठीने उचला किंवा हातमोजे न्या. काच सगळ्यात आधी वेचा आणि जाड पुठ्ठ्यात गुंडाळून गोणीत घाला. आमच्यातल्या एकाने पुठ्ठा वापरला नाही, सॅक फाटली.

दुपारी कड्यावर एका पोराने वेफर्सचं पाकीट खाली भिरकावलं. कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याने ते वर फेकलं, आमच्या डोक्यावरून मागे नेलं आणि त्याच्याच मित्राच्या तंबूवर आणून टाकलं. कोकणकडा कधीकधी असा परत करतो. पोरगं ओशाळलं आणि संध्याकाळी आमच्याबरोबर वेचायला आलं, गोणी मात्र शेवटपर्यंत आम्हीच उचलली!

रात्री गोण्यांची तोंडं करकचून बांधून तंबूत घ्या. बाहेर ठेवलेली एक गोणी सकाळी माकडांनी फाडली, अर्धा तास पुन्हा वेचण्यात गेला. संत्र्याची सालंही टाकू नका. ती कुजतील, पण तोवर माकडं माणसांच्या पिशव्यांवर टपायला शिकतात.

उतरून पाचनईत गोण्या एका घराच्या कडेला ठेवायला निघालो, तर मावशी म्हणाल्या, “दादा, इथं ठेवून काय करू? आमच्याकडं कुठं घंटागाडी येते! पेटवूनच द्यायचं ना आम्ही.” गडावरून खाली आणला म्हणजे काम झालं असं मी इतकी वर्षं समजत होतो. तेव्हा गाडीच्या डिकीत जागा ठेवूनच निघा आणि डिकीत जुनी ताडपत्री अंथरा. बिअरच्या बाटल्यांचा वास ठाण्यापर्यंत सोबत करतो.

न्यायचं थोडकंच: स्टीलचं ताट-पेला, दोन लिटरच्या भरायच्या बाटल्या, गोणी, सुतळी. जेवण वरच घ्या. चुलीवरची भाकरी मिळत असताना शहरातून पाकिटं कशाला चढवायची? मावशींना आधीच सांगा, ‘ताट आमचं आहे’, म्हणजे त्या कागदी पत्रावळी काढत नाहीत.

सोमवारी तिन्ही गोण्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे ओतल्या. पाण्याच्या बाटल्या आणि डबे त्याने वजनावर घेतले, काच कुरकुरत घेतली, आणि चंदेरी पाकिटांचा ढीग पायाने माझ्याकडे सरकवला. “याला कोण विचारतंय, साहेब?” ती दीड गोणी मग सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात गेली. पुढच्या खेपेचा खाऊ आता डब्यातले लाडू आणि दशम्या.