आमचे नसलेले वर्तमानपत्र

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटलीकरण करण्याचे काम मी गेली काही वर्षे करते. काम एकसुरी आहे: मायक्रोफिल्मचे रीळ यंत्रावर चढवायचे, प्रत्येक पानाची प्रतिमा तपासायची आणि संगणकाने त्या प्रतिमेतून उचललेला मजकूर कुठे चुकला आहे ते पाहायचे. येथील विद्यार्थी जे दैनिक चालवतात, त्याचे शंभराहून अधिक वर्षांचे अंक आम्ही याच रीतीने कोणालाही शोधता येतील असे केले होते आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

ऑक्टोबरातील एका मंगळवारी सकाळी एका माजी विद्यार्थ्याचे ईमेल आले. एप्रिल १९८७ च्या एका अंकात, पोलिसांच्या नोंदी देणाऱ्या सदरात, त्यांच्याविषयी चार ओळी होत्या. उपाहारगृहाच्या गल्ल्यातून पैसे चोरल्याच्या आरोपावरून अटक, आणि त्यासोबत नाव, वय, वसतिगृह. आरोप पुढे मागे घेण्यात आला, असे त्यांनी लिहिले होते. पस्तीसहून अधिक वर्षे त्या ओळी तळघरातील एका डब्यात निपचित पडून होत्या; आता त्यांच्या मुलीने सहज म्हणून वडिलांचे नाव शोधले तेव्हा त्याच सर्वांत वर आल्या. पान काढून टाकावे, एवढीच त्यांची विनंती होती. ते वाचताना मला अपराधी वाटले, कारण त्या रिळाची तपासणी मीच केली होती. त्यांच्या आडनावात संगणकाने केलेली चूकसुद्धा मीच दुरुस्त केली होती.

तासाभरात विद्यापीठाच्या प्रशासनातून फोन आला. त्या गृहस्थांनी तेथेही लिहिले होते. पलीकडचे अधिकारी सौजन्याने म्हणाले, “आपल्याच वर्तमानपत्रातील चार ओळी आहेत. पान काढून टाका, विषय संपला.” त्यांच्या सुरात हुकूम नव्हता, काम लवकर हातावेगळे करण्याची घाई तेवढी होती. मी सांगितले, की ते वर्तमानपत्र आपले नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. ही गोष्ट त्यांना खरोखरच ठाऊक नव्हती.

त्यांचा गैरसमज स्वाभाविक होता. विद्यापीठाचे नाव मुखपृष्ठावर, बातमीदार आमचेच विद्यार्थी, अंकांचे गठ्ठे आमच्याच इमारतींच्या दारांत. तरीही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते एका स्वतंत्र, ना-नफा संस्थेच्या मालकीचे आहे. जाहिराती आणि माजी संपादकांच्या देणग्या यांवर ते चालते, विद्यापीठाच्या हद्दीबाहेर भाड्याच्या जागेत राहते आणि छापखान्याचे बिल स्वतः भरते. ग्रंथालय केवळ जतन करते आणि करारानुसार वाचकांपुढे ठेवते.

त्या दशकात अनेक ठिकाणी अशा फारकती झाल्या. बर्कलीच्या ‘डेली कॅलिफोर्नियन’ने मे १९७१ मध्ये पीपल्स पार्क ही वादग्रस्त जागा परत घ्या, असे अग्रलेखातून लिहिले, त्यावरून विद्यापीठाने वरिष्ठ संपादकांना दूर करण्याचा प्रयत्न केला आणि अखेर पत्र विद्यापीठापासून वेगळे झाले. त्याच वर्षी १२ एप्रिलला ‘स्टॅनफर्ड डेली’च्या कचेरीत पोलीस वॉरंट घेऊन शिरले, कारण निदर्शनातील चकमकीची छायाचित्रे तेथे असतील असा त्यांचा अंदाज होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९७८ मध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या विरोधात लागला आणि १९८० मध्ये संसदेला अशा झडत्यांना आवर घालणारा कायदा करावा लागला. मधल्या काळात, १९७३ मध्ये, त्या पत्राने स्वतःची स्वतंत्र संस्था काढली होती. मला मात्र या सर्वांपेक्षा इलिनॉय राज्यातील गव्हर्नर्स स्टेट विद्यापीठाचे प्रकरण अधिक बोलके वाटते. तेथील एका डीनने २००० साली छापखान्याला फोन करून सांगितले, की विद्यापीठाच्या कोणीतरी पाहिल्याशिवाय विद्यार्थ्यांचा अंक छापू नये. संपादकांशी वाद घालण्याची गरजच उरली नाही, कारण बिल विद्यापीठाच्या हातून जात होते. २००५ मध्ये अपील न्यायालयाने त्या डीनला दायित्वातून मुक्त केले. विद्यार्थी-पत्रांना संरक्षण देणारा कायदा त्या राज्याने त्यानंतर दोन वर्षांनी केला.

हे मला कळते याचे कारण माझे साताऱ्याकडचे महाविद्यालय. तेथे वार्षिक नियतकालिक निघे, पहिल्या पानावर प्राचार्यांचे छायाचित्र असे आणि लिहिणारा बहुधा शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन गेल्यावरच अंक हाती पडे. ताजे असे काही होते तर ते भित्तिपत्रक. पण ते काचेच्या कपाटात लागे आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असे. मुलींच्या वसतिगृहातील पाण्यावर मी लिहिलेले पान दुपारच्या तासापूर्वीच तेथून नाहीसे झाले. कोणी रागावले नाही. आमचे सर एवढेच म्हणाले, “विषय चांगला होता, जागा चुकली.”

दुपारी मी दैनिकाच्या कचेरीत गेले. सायकलींच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोडक्या खुर्च्या, भिंतीवर जुनी पहिली पाने. संपादक वीस वर्षांची होती आणि रसायनशास्त्राची परीक्षा देऊन नुकतीच आली होती. पान ठेवायचे की काढायचे, हे विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी नव्हे तर या मुलीने ठरवायचे होते, हे तेथे उभे राहिल्यावर मला खऱ्या अर्थाने जाणवले आणि, खोटे कशाला बोलू, थोडी धास्तीच वाटली.

अशा पत्रांची थोरवी सांगताना लोक स्टॅनफर्डचेच अलीकडचे उदाहरण देतात. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने २०२२ च्या अखेरीस विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतील प्रतिमांत फेरफार झाल्याच्या संशयाविषयी लिहायला घेतले आणि जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. आमच्यापुढचा प्रश्न नेमका उलटा होता. येथे पत्राने सत्ताधीशाला नव्हे, एका एकोणीस वर्षांच्या मुलाला छापून टाकले होते.

संपादकाने प्रथम ठाम नकार दिला: छापलेले पान पुसायचे नाही, आज एकासाठी पुसले तर उद्या प्रशासन स्वतःसाठी मागेल. मग ती थांबली आणि तिने विचारले, “पुढे काय झाले, ते आम्ही छापले होते का?”

संगणकावर नाव शोधून काही निघाले नाही, पण त्या शोधावर माझा विश्वास नसतो. मी परत येऊन रीळ चढवले आणि एप्रिलच्या त्या तारखेपासून पुढे एकेक पान डोळ्यांनी पाहिले. मे महिन्याच्या मध्यावर पदवीदानाचा जाडजूड अंक आला, आणि त्यानंतर थेट ऑगस्टची तारीख. मधले तीन महिने दैनिक बंद होते, दरवर्षी असते. इकडे तिने जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाशी संपर्क साधून नोंदीची प्रत मागवली होती. ती गुरुवारी आली. आरोप जूनमध्ये मागे घेतला गेला होता. त्या वेळी बातमीदार घरी गेले होते, आणि तो लिहिणारा कदाचित पदवी घेऊन कायमचा गेला होता. ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या संपादकांना एप्रिलमधील चार ओळी कोण आठवून देणार? दर वर्षी माणसे बदलणाऱ्या कचेरीत विस्मरण हे कोणाचे पाप नसते. पण त्याचा भुर्दंड बातमीतल्या माणसाला पडतो.

शुक्रवारच्या अंकात दुसऱ्या पानावर चौकट आली: १९८७ च्या बातमीतील आरोप त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेण्यात आला होता, आम्ही तेव्हा तसे कळवले नाही, याचा खेद आहे. गृहस्थांचे नाव चौकटीत नव्हते. ते पुन्हा छापू नये, हा संपादकाचा निर्णय. मूळ पान तसेच राहिले. दैनिकाच्या लेखी सूचनेवरून मी त्या पानाच्या नोंदीला न्यायालयाच्या आदेशाची तारीख आणि खुलासा जोडला, त्यामुळे आता ती बातमी उघडणाऱ्याला तो प्रथम दिसतो.

प्रशासनाला मी झालेले कळवले. त्यांनी आभार मानले. त्या गृहस्थांचे उत्तर रविवारी आले. पान काढले असते तर अधिक बरे वाटले असते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते, आणि चौकटीच्या कात्रणाची एक छापील प्रत टपालाने पाठवाल का, असे खाली विचारले होते. मी दोन पाठवल्या.

सोमवारी संपादकाचा निरोप होता: पोलिसांच्या नोंदींचे ते सदर किती वर्षे चालले आणि प्रत्येक वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये त्यात किती नावे आली, हे पाहता येईल का? सदर १९६० च्या दशकातले आहे. मी तळघरातून पहिल्या दहा वर्षांचे डबे वर मागवले.