नको त्या लेनमध्ये उमटलेला बँड

जी१मध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात थांबवलेल्या यीस्ट पेशींच्या लेनमध्ये (जेलमधल्या रांगेत) रेव्ह१ या प्रथिनाचा बँड यायलाच नको होता. संध्याकाळी ब्लॉट (जेलमधली प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने ओळखण्याची चाचणी) डेव्हलप केला तर तो तिथे होता, फिकट पण अगदी स्पष्ट. शेजारी नोकोडॅझोल या औषधाने मायटोसिसमध्ये (पेशीविभाजनात) थांबवलेल्या पेशींची लेन काळीकुट्ट. पीजीके१ या कायम सारख्या प्रमाणात असणाऱ्या प्रथिनाचा कंट्रोल सगळीकडे सारखा, म्हणजे लोडिंगमध्ये काही चुकलं नव्हतं.

तो बँड एवढा का खटकला, ते सांगायला हवं. यीस्टवर अतिनील किरण पडले की डीएनएमधले लगतचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. डीएनएची नक्कल करणारं नेहमीचं एन्झाइम, पॉलिमरेज डेल्टा, तिथे अडतं आणि एकेरी धाग्याची फट मागे राहते. मग रॅड६ आणि रॅड१८ ही एन्झाइम मिळून पीसीएनएच्या, म्हणजे पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या कड्याच्या, १६४व्या लायसिनवर एक युबिक्विटिन (खुणेचं छोटं प्रथिन) चढवतात (हे २००२ साली जर्मनीतल्या स्टेफान येंच यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं). ही खूण म्हणजे चुकार पॉलिमरेजांना आवतणच. त्यातलं रॅड३० या जोडीसमोर बहुतेक वेळा दोन अ‍ॅडेनिन बसवतं, म्हणजे बरोबरच. धोका आहे तो रेव्ह१ आणि पॉलिमरेज झीटाचा. रेव्ह१ स्वतः जवळजवळ फक्त सायटोसिन बसवतं. त्याचं मोठं काम झीटाला जागेवर आणून उभं करण्याचं. झीटा अडलेलं टोक पुढे रेटतं, पण चुका करत, आणि झालेली चूक खोडायची सोय त्याच्यात नाही.

म्हणून पेशी रेव्ह१ला वेळेचं बंधन घालते. २००६ साली वॉटर्स आणि वॉकर या संशोधकांनी दाखवलं की जी२ (डीएनएची नक्कल झाल्यानंतरचा टप्पा) आणि मायटोसिसमध्ये रेव्ह१ जी१च्या सुमारे ५० पट असतं. जी१मध्ये ते प्रोटिआसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेच्या, तोंडी जातं.

आधी संशय अँटीबॉडीवर गेला. पण रेव्ह१ला टॅग (अँटीबॉडीने पकडायची खूण) नसलेल्या स्ट्रेनची लेन कोरी होती. मग फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलेला त्याच वेळचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि उलगडा झाला. बहुतेक पेशी नासपतीसारख्या टोकदार झाल्या होत्या, म्हणजे जी१मध्ये नीट अडकलेल्या. पण दर दहांत एखादीला चांगली मोठी कळी (फुटणारी नवी पेशी) होती. स्ट्रेनमध्ये बार१ शाबूत होतं. पेशींना जी१मध्ये अडकवायला आम्ही अल्फा फॅक्टर हे संप्रेरक वापरतो, आणि बार१ हे तेच तोडणारं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम). मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम एकदाच देऊन आम्ही तीन तास थांबलो, तेवढ्यात काही पेशी निसटून जी२पर्यंत पोचल्या.

दहात एक ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिशोब करा: शंभरातल्या दहा पेशींत ५० पट रेव्ह१ असेल, तर त्या दहांचा वाटा उरलेल्या नव्वदांच्या साडेपाचपट होतो. एरवी नव्वद टक्के अडकलेलं कल्चर चांगलंच म्हणायचं. या प्रथिनासाठी ते चालत नाही.

पुढच्या खेपेला बार१ काढलेली स्ट्रेन घेतली. तिला मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम अल्फा फॅक्टर पुरतो. ३० अंशावर दोन तास, दर अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शक, आणि ९५ टक्क्यांच्या वर टोकदार पेशी दिसल्याशिवाय कल्चरला हात लावायचा नाही. नोकोडॅझोल मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम. ते डीएमएसओमध्ये विरघळवून हलत्या कल्चरमध्ये थेंबथेंब सोडायचं, एकदम ओतलं तर साका बसतो. पेशी धूत बसायचं नाही, कारण तेवढ्या वेळातही प्रोटिएज काम करत राहतात. थेट बर्फावर २० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) आणि पेशी फोडायला काचेचे मणी. टीसीएचा गाळ सँपल बफरमध्ये घातला की आम्लामुळे निळा बफर पिवळा पडतो. तो पुन्हा निळा होईपर्यंत ट्रिस बेस घालायचा, नाहीतर जेलमध्ये लेन वेड्यावाकड्या धावतात. रेव्ह१ ९८५ अमिनो आम्लांचं, त्यात टॅगची भर, म्हणून ७.५ टक्क्यांचं जेल आणि रात्रभर ४ अंशावर ट्रान्सफर.

या वेळी जी१ची लेन ३० सेकंदांच्या एक्स्पोजरला कोरी, पाच मिनिटांच्या एक्स्पोजरलाही कोरी. मग अल्फा फॅक्टर धुऊन पेशी सोडल्या आणि दर १५ मिनिटांनी नमुना घेतला. लहान कळ्या आल्या तरी बँड नाही. कळ्या मोठ्या झाल्या, डीएनएची नक्कल जवळजवळ उरकली, तेव्हा कुठे पहिली रेघ उमटली, आणि पुढच्या नमुन्यात ती ठसठशीत झाली.