टेक्सासची डुकरं, नाशिकचे धनुर्धारी आणि रँचवाल्याचा कागद

टेक्सासला बाणाने रानडुकराची शिकार कशी केली, हे नाशिकच्या कंपाउंड बोवाल्यांनी (कप्प्या लावलेलं आधुनिक धनुष्य वापरणाऱ्यांनी) विचारून भंडावून सोडलं, म्हणून लिहितोय. आधी हे ऐका: हा उद्योग इथला नाही. सिन्नरकडे डुकरांनी मका लोळवला तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही. आम्ही गेलो दाजींकडे, टेक्सासला. तिथे ही डुकरं म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की शिकारीचा परवानाही लागत नाही, बाहेरून आलेल्यालासुद्धा.

विमान, डॅलस, खाणंपिणं सगळं छान. पुढे.

रँचवाल्याने, म्हणजे पैसे घेऊन शिकार करू देणाऱ्या जमीनमालकाने, फोनवर एकच आकडा सांगितला होता. पोचल्यावर कागद पुढे सरकवला. बारीक अक्षरात लिहिलेलं: रक्त सांडलं की डुक्कर तुमच्या खात्यावर, सापडो वा न सापडो. वर मोठ्या नराचा दर वेगळा. तो कागद निघण्याआधीच ईमेलवर मागवा. देत नसेल तर दुसरा रँच बघा.

आता नेमाचं. जो तो सांगतो, ‘खांद्याच्या मागे मार’. हरणाला ठीक आहे. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं पुढे आणि खाली असतात. वीतभर मागे गेलात की बाण पोटात, आणि जनावर हाल होऊन मरतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. त्याहून बरं म्हणजे ते तोंड पलीकडे करून तिरकं होईपर्यंत दम धरा आणि पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर ठेवून सोडा. बाण बरगड्यांमधून पुढे घुसतो, खांद्यावरची ढाल टळते. समोरासमोर किंवा डोक्यावर अजिबात नको.

ढाल म्हणजे मोठ्या नराच्या खांद्यावरचा जाड, चिवट थर. दाजींनी दुकानदाराचं ऐकून मेकॅनिकल ब्रॉडहेड लावलं होतं, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारं शिकारी बाणाचं टोक. फीडरखाली, म्हणजे दाणे टाकणाऱ्या यंत्राखाली, हिरव्या उजेडात नर आला, खांद्यावर ‘थप्प’ वाजलं आणि बाण थोड्याच अंतरावर गळून पडला. उचलून बघतो तर एक पातं उलटं वाकलेलं, दुसरं उघडलेलंच नाही, खाचेत पिवळट चरबी आणि दोन राठ केस. चरबीने जखम बुजते, रक्ताचा माग मिळत नाही. मेस्किटच्या झाडीत, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या चुलतबहिणीत, पहाटेपर्यंत काटे खात फिरलो. डुक्कर नाही. पैसे पूर्ण.

तेव्हा फिक्स्ड ब्लेडच, म्हणजे पक्क्या पात्यांचं टोकच घ्या, टोकापासून धार असलेलं, शक्यतो दोन पात्यांचं. दाढी होईल इतकी धार हवी. बाण टोकासकट 500 ग्रेनच्या (सुमारे 32 ग्रॅम) आसपास, अंतर 20 यार्डांच्या आत. फील्ड पॉइंटवर, म्हणजे सरावाच्या साध्या टोकावर, बसवलेला नेम ब्रॉडहेडला तसाच लागेल असं धरू नका, घरीच तपासा. माझी मादी तिरकी उभी राहिली, बाण आरपार, संपलं.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. डुकराची नजर अधू, पण नाक भयंकर. सोलताना हातमोजे घालाच, ब्रुसेलोसिस या जिवाणूच्या आजाराची लागण होते. मांस आतून 71 अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे.

बो आणि बाण चेक-इनमध्येच, ब्रॉडहेडं कडक डबीत. आणि कसारा घाटात अडकणार हे धरूनच घरून निघा.