सिंकच्या स्प्रेची धार मंदावली तर

स्प्रेचं बटण दाबल्यावर मुख्य नळाची धार जवळजवळ थांबायला हवी. दोन्हीकडून पाणी येत असेल तर दोष बहुधा डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी नळाकडून स्प्रेकडे वळवणाऱ्या झडपेचा. पण लगेच नळ खोलू नका. आधी सिंकखाली वाकून होज (स्प्रेची लवचीक नळी) कुठे मुडपला किंवा बाटल्या-डब्यांमागे दबला आहे का ते बघा.

मग स्प्रेचं तोंड. ते फिरवून काढा आणि पांढरं व्हिनेगर व कोमट पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास त्यात बुडवून ठेवा. क्षार जुना असेल तर आणखी तासभर. छिद्रं सुईने मोकळी करा. आतली जाळी जुन्या टूथब्रशने घासा. तोंड काढलेलं असतानाच होज बादलीत धरून पाणी सोडून बघा. धार जोरदार आली, तर अडथळा तोंडातच होता.

तरीही मंदच? सिंकखालचे गरम-थंड दोन्ही अँगल कॉक बंद करा, नळ उघडून उरलेला दाब सोडा आणि सिंकच्या जाळीवर फडकं टाका, बारीक भाग हमखास तिथेच पडतात. बऱ्याच नळांत फिरती तोटी वर उचलली की डायव्हर्टर दिसतो. पकडीने तो अलगद, सरळ ओढा. क्षार धुवा. ओ-रिंग (त्यावरची रबरी कडी) चपटी किंवा चिरलेली असेल तर त्याच मापाची नवी घाला. तिला सिलिकॉन ग्रीसच लावा, व्हॅसलीन नको. त्याने काही रबरं फुगतात आणि डायव्हर्टर पुन्हा अडकतो.

स्प्रेच्या दांड्याशी गळत असेल तर सहसा फक्त वॉशर बदलावा लागतो.